पांढऱ्या दोऱ्याची मोजणी

खोकला सगळ्यांना एकसारखाच ऐकू येतो, पण तो एकसारखा नसतो. ठसका असतो, तो दारावर टिचकी मारून पळून जातो. ढास असते, ती आली की बस्तान मांडते. कोरडा खोकला वाळकी काटकी मोडल्यासारखा वाजतो, तर ओला खोकला भिजल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. आणि शिंक असते, ती खोकल्याचे कपडे घालून येते आणि नवख्या माणसाला हमखास गंडवते. हे सगळं वेगवेगळं ओळखायचं आणि मोजायचं, हे कानताईचं काम. याच कामाचा तिला औषधं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं पगार मिळत होता.

मोजायचा तो गिनीपिगांचा खोकला. काचेची एक पेटी, आत एक जनावर. बाजूच्या यंत्रातून पेटीत आंबट धुकं सोडायचं. लिंबात असतं तेच अॅसिड, पाण्यात विरघळवून त्याचे बारीक तुषार केलेले. ते घशाला झोंबलं की जनावर खोकू लागे. दहा मिनिटं. समोर स्टुलावर कानताई, उजव्या अंगठ्याखाली काउंटर. खोकला झाला की टक्. झाला की टक्.

नियम असा होता की कान आणि डोळा दोन्ही लावायचे. आवाज ऐकायचा, आणि जनावराने मान पुढे काढली का, तोंड वासलं का, तेही बघायचं. कानताई मात्र डोळे मिटून बसायची. "डोळा लुच्चा असतो," ती म्हणायची. "जनावर हललं की त्याला खोकलाच दिसतो. कान खोटं बोलत नाही." सुरुवातीला मोठ्या बाई, म्हणजे विभागाच्या प्रमुख, यावरून चिडल्या होत्या. मग त्यांनीच एक दिवस तिची परीक्षा घेतली. एका बाजूला डोळे लावून बसलेले दोघं जण आणि तिसरं यंत्र, दुसऱ्या बाजूला ही डोळे मिटलेली बाई. यंत्राचा आणि तिचा आकडा तंतोतंत जुळला. ते दोघं मात्र यंत्राशीही जुळले नाहीत आणि एकमेकांशीही. तेव्हापासून नियम भिंतीवर राहिला, आणि कानताई डोळे मिटून स्टुलावर.

पेटीत एक छोटा मायक्रोफोनही असे. त्याची रेकॉर्डिंग तारीखवार जपून ठेवत, पण ती कोणी ऐकत नसे. घरात विहीर असताना पाण्यासाठी कोण वणवण करतं?

या वर्षी कामाला होती एक चिनी मुळी. पोत्यात बसून, समुद्र ओलांडून, कागदांवर शिक्के मारून घेत ती इथवर आली होती. दिसायला वाळलेल्या शेंगांच्या जुडग्यासारखी, मातकट, सुरकुतलेली. तिचं चिनी नाव कोणालाच धड उच्चारता येत नसे; प्रत्येक जण वेगळं म्हणे आणि दुसऱ्याला हसे. तिकडचे वैद्य खोकल्यावर तिचा काढा देतात म्हणून ऐकलेलं. आता त्या काढ्यातलं नेमकं काय खोकल्याला धरतं, आणि पोटात गेल्यावर त्यातलं किती रक्तात उतरतं, ते इथे बघायचं होतं. मुळी कुटून, गाळून, आटवून तिच्यातून दोन द्रव्यं वेगळी केली होती. एक आधी निघालं. दुसरं फार हट्टी. पोतंभर मुळीतून चिमूटभर निघालं, तेही चार महिन्यांनी.

कोणत्या जनावराला काय पाजलंय ते मोजणाऱ्याला कळता कामा नये. म्हणून जनावरं सांभाळणारे पिंजरेमामा पिंजऱ्यांना दोरे बांधत. काळा, लाल, पांढरा. कोणता दोरा कशाचा, हे त्यांच्या कुलूपबंद खणात. मामांना गिनीपिगांचा भारी कळवळा. काळा दोरा म्हणजे नुसतं पाणी पाजलेला गट, हे पहिली मोजणी संपल्यावर सगळ्यांना कळलंच होतं; आणि पांढऱ्या दोऱ्याच्या वेळी काळा गट पुन्हा मोजायची वेळ आली तेव्हा मामा मोठ्या बाईंच्या टेबलासमोर उभेच राहिले. "पाण्याने खोकला थांबत नाही हे एकदा कळलं ना बाई? तेच पुन्हा कळायला आणखी बारा जिवांना का घुसमटवायचं? आपली कानताई तीच, पेटी तीच, धुकं तेच. जुना आकडा लावा." बाईंनी जरा विचार केला आणि जुना आकडा लावायचं ठरवलं. दयेपोटीच ठरवलं.

तर काळा आणि आधी निघालेल्या द्रव्याचा लाल दोरा सहा महिन्यांपूर्वी मोजून झाला. दुसऱ्या, हट्टी द्रव्याचा पांढरा दोरा मोजला तो कानताईच्या आईच्या शेवटच्या महिन्यात.

आई गेल्याला तीन आठवडे झाले होते. ती पाच महिने कानताईकडे होती. त्याआधी दुसऱ्या शहरात, मुलाकडे. फुप्फुसं आतून चिवट होत चालली होती. औषध आहे, पण ते काही उलटं फिरवत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. बाहेरच्या खोलीत लोखंडी पलंग, उशाला तीन उशांचा उतार. त्या सकाळी कानताई स्वयंपाकघरात चहा करत होती. मधे दार नाही, नुसती चौकट. कप घेऊन बाहेर आली तर आई मान कलवून बसली होती, आणि ती गेलेली होती.

डॉक्टरांनी विचारलं, "त्रास झाला का? उबळ वगैरे?"

"नाही," कानताई म्हणाली. "खोकला झालाच नाही. मी सात पावलांवर होते."

हेच तिने धाकट्या भावाला सांगितलं, हेच शेजारच्या काकूंना. पाचव्या दिवशी ती कामावर गेली. रडू आलं नव्हतं. येईल तेव्हा येईल, असं ती स्वतःला सांगे, जसं पाहुण्यांबद्दल सांगतात. आंघोळीचं पाणी गरम आहे की गार हे तिला अंगावर घेतल्यावरही पटकन कळत नसे. भाजीत मीठ पडलंय की नाही ते बरणीकडे बघून ठरवावं लागे. बाकी सगळं जागच्या जागी. बस पकडायची, कोट चढवायचा, स्टुलावर बसायचं.

धाकटा रोज संध्याकाळी फोन करी.

"ताई, जेवलीस?"

"सात वाजलेत रे. कोणी जेवतं का सातला?"

"आम्ही जेवतो. पोरांची शाळा असते." मग म्हणे, "ताई, एक विचारू?"

"विचार."

"त्या दिवशी खरंच नाही ना खोकली ती?"

"नाही रे."

"अजिबात?"

"अजिबात."

"म्हणजे झोपेतच."

"झोपेतच."

"झालं तर मग. तू म्हणतेस म्हणजे झालंच. सगळ्यांना हेच सांगतो मी. म्हटलं, माझ्या बहिणीच्या कानातून उंदराची उचकी सुटत नाही." तो हसे. हसताना त्याचा आवाज ओला होई. "तेवढ्यावर तर मला झोप लागते बघ."

फोन ठेवल्यावर कानताई तो दिवसभराच्या कामांच्या यादीतून खोडून टाकी. उद्या पुन्हा यायचाच होता.

सोमवारी थेंब्या तिच्याकडे आला. थेंब्या म्हणजे रक्ताचं बघणारा. जनावराला औषध पाजलं की ठरावीक वेळाने त्याच्या कानाच्या शिरेतून एक थेंब घ्यायचा आणि त्यात औषध किती उतरलंय ते यंत्रावर बघायचं. थेंबावर थेंब गोळा करणारा म्हणून थेंब्या. तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, आणि जीभ एक क्षण टाळ्याला टेकत नसे. पण त्या दिवशी तो टेबलाच्या कडेशी गप्प उभा होता.

"काय रे, दात दुखतोय का?"

"कानताई, तुमच्या लाल दोऱ्याशी माझं छान जमतंय. पाण्याच्या गटात सरासरी बावीस खोकले, लालला तेरा. माझ्याकडेही लाल बऱ्यापैकी रक्तात उतरलाय. बरोबर. आता पांढरा." त्याने कागद पुढे सरकवला. "पांढऱ्याला तुम्ही मोजलेत दहा. लालपेक्षाही कमी. आणि माझ्या रक्तात पांढरा नाहीच."

"कमी आहे?"

"कमी असता तर कमी म्हटलं असतं. नाहीये. आतड्याच्या पेशींचा थर वाढवलाय ना मी बशीत, त्याच्यावरही ओतून पाहिला. वरचा वरच. आमच्यात कसंय, औषध म्हणजे पाहुणा. पोटात आला म्हणजे दारात आला. रक्तात उतरला तरच घरात आला. हा पाहुणा दारातच उभा राहिलाय, आणि तुम्ही म्हणताय घरातली भांडी घासून झाली."

"मी काही म्हणत नाही. मी टक् करते."

"तेच म्हणतोय. कोणी घासली भांडी?"

पिंजरेमामा गवत बदलत होते. तिकडूनच त्यांनी सूर लावला: "लाल दोरा खोके थोडा, पांढरा दोरा मुका घोडा!" आणि स्वतःच्याच यमकावर खूश होऊन पिंजऱ्याचं दार आपटलं.

मोठ्या बाईंना मात्र हे कोडं फारच आवडलं. त्यांनी दोघांना आत बोलावलं. चष्मा डोक्यावर चढवला, म्हणजे त्या आनंदात होत्या. "रक्तात न जाता काम करतो! कळतंय का? गिळतानाच घशाला शांत करत असेल. अंगात मुरायचं नाही, म्हणजे बाकी त्रासही नाही. अरे, मुळीने आपल्याला लॉटरी दिली! शुक्रवारी लेख पाठवायचाय. थेंब्या, तुझे शून्य नीट मांड. तुझ्या शून्यामुळेच हिच्या दहाला किंमत आहे."

"पण बाई, गिळलेलं घशावर किती वेळ टिकणार? आम्ही पाजल्यावर तासाने पेटीत घालतो."

"तू रक्ताचं बघ. कानाचं कानताई बघेल. एकोणीस वर्षांत हिचा आकडा हलला नाही."

कानताईने मान हलवली. तिला ना आनंद झाला, ना शंका आली. बाईंच्या टेबलावरच्या रोपाला पाणी हवं होतं, एवढंच तिच्या मनात आलं.

दुपारी थेंब्या पुन्हा आला. हातात हेडफोनच्या दोन जोड्या. "रागावू नका. पांढऱ्याची जुनी रेकॉर्डिंग काढलीयेत. मला एकदा ऐकायचंय. माझा कान म्हणजे नुसता चष्मा अडकवायला. तुम्ही बरोबर बसा आणि मला शिकवा."

"माझ्यावर विश्वास नाही का?"

"तुमच्यावर आहे. पांढऱ्यावर नाही."

ते दोघं कॉम्प्युटरसमोर बसले. पडद्यावर आवाजाची रेघ सरकत होती. शांत असली की सपाट, आवाज झाला की तिला टेकाडं येत. कानताईने सवयीने डोळे मिटले. अंगठा टेबलावर. टक्. टक्. थेंब्याने तिच्या कोपराला बोट लावलं.

"हा?"

"हा कुठला?"

"आत्ता गेला तो. खोल होता, जोडीने आला. भुक्-भुक्."

"तो नाही. पुढे ऐक."

टक्. पुन्हा कोपराला बोट. "आणि हा?"

"अरे, काही झालंच नाही."

दहा मिनिटं संपली. तिचे नऊ झाले होते. मूळ नोंदही नऊच होती. म्हणजे कान तसाच होता, हललेला नव्हता. थेंब्याने रेकॉर्डिंग मागे नेलं. "आता एक करा कानताई. हेडफोन काढा. डोळे उघडा. नुसती टेकाडं मोजा."

तिने मोजली. ती बावीस भरली.

"यातलं एखादं धक्क्याचं असेल," ती म्हणाली. "जनावर पेटीला आपटलं असेल."

"बघू या." त्याने एक टेकाड बोटभर रुंद केलं, मागचंपुढचं कापलं आणि तेवढंच तिच्या कानात सोडलं. भुक्-भुक्. ओला, खोल, जोडीने येणारा खोकला. लहान मुलानेही ओळखला असता.

"खोकला," ती म्हणाली.

"आता हाच, त्याच्या जागी." त्याने आख्खी रेघ पुन्हा सुरू केली. तिने डोळे उघडे ठेवले. टेकाड पडद्यावर येताना तिने पाहिलं. आलं, मधोमध पोचलं, निघून गेलं. तिच्या कानात त्या जागी काहीच नव्हतं. नुसती शांतता असती तर तीही तिला ऐकू आली असती. पण तिथे घरात असतं तसं काहीतरी होतं, फ्रीजची घरघर किंवा नळाची ठिबक, ज्याच्याकडे आपण कधीच वळून पाहत नाही. त्यांनी आणखी तीन जनावरं बघितली. कोरडा, टणक खोकला तिच्या अंगठ्याने एकही सोडला नव्हता. ओला जोडखोकला एकही धरला नव्हता. मग थेंब्याने सहा महिन्यांपूर्वीचा काळा आणि लाल काढला. त्यात टेकाडं आणि तिची तेव्हाची नोंद जुळत होती. सगळे धरलेले होते, ओले, कोरडे, अर्धवट, सगळे.

"मधे काय झालं असेल हो?" थेंब्याने विचारलं, आणि विचारल्याबरोबर त्याने मान खाली घातली.

"आई झाली," कानताई म्हणाली. "मधे आई आली माझ्याकडे."

आई आली त्या पहिल्या आठवड्यात कानताई घरीही मोजायची. मुद्दाम नव्हे. भाजी चिरताना सुरीवरचा अंगठा आपोआप दाबला जायचा. तासाला तीस, कधी चाळीस. ओले, खोल, जोडीने येणारे. प्रत्येकाबरोबर ती उठून चौकटीत यायची आणि आई हात हलवायची, जा गं, काही नाही. माणूस किती वेळा उठेल? दुसऱ्या महिन्यात अंगठा थांबला. तिसऱ्या महिन्यात शेजारच्या काकू जिन्यात म्हणाल्या होत्या, "फार खोकतात हो आई तुमच्या. आमच्या भिंतीतून ऐकू येतं," आणि कानताईला नवल वाटलं होतं. तिला वाटत होतं आईला उतार पडलाय. तिने तसं धाकट्याला कळवलंही होतं. तो आनंदाने ओरडला होता.

ती उठली. पाय तिचेच होते, पण तिच्याआधी दोन पावलं चालत होते. मोठ्या बाईंच्या दाराशी जाऊन तिने आत डोकावलं.

"बाई, पांढऱ्याचा आकडा काढून टाका."

बाईंनी चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला. "बस. काय झालं?"

"माझं चुकलंय. अर्धे खोकले मला ऐकूच आले नाहीत. थेंब्याकडे रेघ आहे, बघून घ्या. पांढरा काही करत नाही. पाण्यासारखाच आहे."

बाईंनी उठून दार लोटलं. "हे बघ, तुझ्या घरी एवढं झालं. मीच तुला लवकर कामावर यायला नको म्हणायला हवं होतं. तू आठ दिवस सुट्टी घे. आम्ही रेकॉर्डिंगवरून पुन्हा मोजतो. यंत्राने मोजलं, असं लेखात लिहू. तुझ्या कानाचा विषयच काढायला नको. एकोणीस वर्षांचं नाव आहे."

"नको बाई. मोजणारीला ऐकू आलं नाही, असं लिहा. नाहीतर कोणी विचारेल, लाल कोणी मोजला? काळा कोणी मोजला? ते बरोबर आहेत. ते तरी राहू देत."

"आणि मी डोळे मिटू दिले, तेही लिहू?"

"तुम्ही ठरवा."

"लिहावं लागेल," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज थकला होता, पण त्यात राग नव्हता. "जुना आकडा लावला तेही. मामांना वाईट वाटेल." मग त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "मलाच हवा होता गं तो दहा. शून्य रक्तात आणि दहा खोकले. किती सुंदर दिसत होतं कागदावर."

पुन्हा मोजणी तीन दिवस चालली. पडद्यावर थेंब्या, पेटीजवळ डोळे उघडे ठेवून स्वतः बाई, आणि नव्याने बांधलेला काळा दोरा. मामांनी तो बांधला खरा, पण दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. फक्त प्रत्येक जनावर पेटीतून काढल्यावर त्याच्या पाठीवरून दोनदा हात फिरवत. पांढऱ्याचा आकडा एकवीस आला, पाण्याचा बावीस. लाल तेरावर टिकला. मुळीचा एक पाहुणा घरात आला होता आणि थोडं काम करून गेला होता. दुसरा दारातूनच परतला होता. लेख तेवढाच राहिला. लहान आणि खरा.

कानताईला बाईंनी पेशींच्या खोलीत काम दिलं. तिथे सगळं मुकं. बशीतल्या पेशींच्या थरावर वरून औषध सोडायचं आणि दर पंधरा मिनिटांनी खालचं पाणी काढून नळीत भरायचं. औषध ज्या वेगाने पलीकडे जायचं त्याच वेगाने जातं. घाई केली तर थर फाटतो. तिला ते काम जमत होतं. चांगलं वाटतंय का, असं थेंब्याने विचारलं तेव्हा तिने विचार करून सांगितलं, "अजून कळलं नाही."

त्या दिवसांत धाकट्याचे फोन येतच होते. सोमवारी त्याने विचारलं, अजिबात नाही ना? तिने म्हटलं, चार दिवसांनी तू येतोयस ना, मग बोलू. मंगळवारी तो म्हणाला, म्हणजे काय, बोलू म्हणजे काय? तिने म्हटलं, ये तर खरं. बुधवारी आणि गुरुवारी त्याने फोन केला नाही.

शुक्रवारी तो आला. आईचा लोखंडी पलंग न्यायला टेम्पो ठरवला होता; त्याच्या मोठ्या मुलाला हवा होता. तो दमून आत आला, पलंगाकडे न बघता थेट स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसला. कानताईने त्याच्यापुढे पाणी ठेवलं.

"बोल आता," तो म्हणाला. "चार दिवस झोप उडवलीस."

"कामावर माझी एक चूक सापडली."

"कामाचं जाऊ दे गं."

"तेच सांगतेय. मला एक प्रकारचा खोकला ऐकू येत नाही. आईसारखा. तिच्यासोबत राहून राहून माझ्या कानाने तो सोडून दिला. मला कळलंही नाही. पडद्यावर दाखवला तेव्हा कळलं."

धाकटा तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग हळूहळू, बशीतल्या थरातून उतरावं तसं, ते उतरत गेलं.

"म्हणजे त्या दिवशी खोकली ती."

"तेही माहीत नाही."

"म्हणजे तू मला खोटं…"

"खोटं नाही सांगितलं. मला ऐकू आला नाही, ते सांगितलं. तो झालाच नाही, असं नव्हतं सांगायला हवं."

"सात पावलांवर होतीस ताई!"

"होते."

"आणि तुला…" त्याने पेला उचलला, तसाच ठेवला. "मग काय उपयोग त्या कानाचा? सगळ्या जगाला सांगत सुटलो मी. सासऱ्यांना सांगितलं, ऑफिसात सांगितलं. तो वॉचमन आहे आमच्या बिल्डिंगचा, त्याला सांगितलं! विचारलंही नव्हतं त्याने!"

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. धाकट्याने खिडकीतून हात बाहेर काढून थांब म्हणून खूण केली. परत वळला तेव्हा तो लहान दिसत होता, शाळेत मार खाऊन आल्यावर दिसायचा तसा.

"माझ्याकडे होती ना ती," तो म्हणाला, "तेव्हा मी तिच्या खोलीचं दार लावून घ्यायचो. जाड पडदाही लावला होता. पोरांचा अभ्यास होत नाही, असं सांगायचो. अभ्यास कसला करतायत ती? मलाच ऐकवत नव्हतं. म्हणून तुझ्याकडे आणून सोडलं तिला. म्हटलं, ताईला सवय आहे. ताईचं कामच आहे ते."

"सवय झाली," कानताई म्हणाली.

दोघंही हसले नाहीत. त्याने तळहातांनी डोळे दाबले आणि तसाच बसून राहिला. तिला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला की नाही हे तिला नीट कळेना, पण हात ठेवायचा असतो हे ठाऊक होतं, म्हणून तिने ठेवला. सदरा घामाने ओलसर होता. तो तिला ओलसर लागला, आणि खालची पाठ गरम लागली. तिने हात तिथेच राहू दिला.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "आता लोकांना काय सांगू मी?"

"सांग, ताई स्वयंपाकघरात होती. चहा उकळत होता."

"आणि?"

"आणि कप घेऊन बाहेर आली तेव्हा आई गेलेली होती."

"एवढंच?"

"एवढंच माहीत आहे आपल्याला."

टेम्पोवाला पुन्हा हॉर्न वाजवू लागला. धाकटा उठला, तोंडावर पाणी मारलं आणि पलंगाच्या पायथ्याशी जाऊन वाकला. "धर," तो म्हणाला. "उशाकडची बाजू तू धर. जड आहे, सांभाळ."

तिने धरली. दोघांनी मिळून पलंग उचलला आणि चौकटीतून आडवा करून, भिंतीला न लागू देता, जिन्याकडे नेला.